फोरमनचा पत्ता

९ नोव्हेंबर

चि. फोरमन,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळींचं का होईना, पोचलं. घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर टाकलंस ते बरं केलंस. पोस्टमन हल्ली माझ्याकडे फक्त विजेचं बिल घेऊन येतो, त्यामुळे त्यालाही नवल वाटलं. "कुणाचं? सूनबाईंचं का?" असं विचारत रेंगाळला. मी म्हटलं, शिलाई मशिनच्या सुयांची जाहिरात आहे.

तू बरी आहेस आणि कपड्यांच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायच्या कामाला लागली आहेस, हे वाचलं. दिवसभर कार्ड खिशात ठेवत होतो आणि पुन्हा काढत होतो. कारखान्यातली मशिनं विजेची, सुसाट पळणारी. आपल्या पायाच्या मशिनांसारखी ती बोलकी नसतात. पण तुझा कान चांगला आहे. शटल घासतंय की दाते बोथट झालेत हे तुला झाकण उघडायच्या आधीच कळायचं. तेल जपून घाल. कारखान्यात तेल जास्त झालं की डाग कपड्यावर पडतो आणि बोलणी दुरुस्तीवाल्याला बसतात.

इकडे गिऱ्हाइकं अजून तुझी चौकशी करतात. पडदे शिवणारी ती मोठ्या आवाजाची बाई परवा मशिन घेऊन आली. टाका सुटतोय म्हणाली. मी हात लावायला गेलो तर म्हणते, "तुम्ही राहू द्या, तुमच्या फोरमनला बोलवा." मी म्हटलं, फोरमन माहेरी गेलीय. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सुई उलटी लावलीय. तुझं लग्न होऊन महिना झाला नव्हता आणि तू माझा डबा घेऊन दुकानात आलीस. मी स्क्रू ओठांत धरून काम करत होतो. "बाबा, गिळाल एखाद दिवस! काढा ते आधी!" अशी ओरडलीस. त्या दिवशी तुला हे नाव पडलं आणि त्या दिवसापासून दुकानाला शिस्त लागली, हे मला मान्य करावंच लागेल.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, 'परत येणार नाही, कारण विचारू नका.' मी कारण विचारत नाही. पण बाळ, माझ्या मुलात मला तरी वाईट काही दिसत नाही. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, ऑफिसातून सरळ घरी येतो. शर्टाला चुणी चालत नाही त्याला. उभ्या जन्मात मी त्याला आवाज चढवताना ऐकलेलं नाही. नवरा-बायकोत कुरबुरी व्हायच्याच. ही आणि मी एकदा एका छत्रीवरून बरेच दिवस अबोला धरून होतो आणि छत्री शेवटी शेजाऱ्यांकडे निघाली. तेव्हा विचार कर.

तुझ्या सासूचा उजवा हात मोडलाय, मनगटाजवळ. न्हाणीघरात पाय घसरला. प्लास्टर आहे. स्वयंपाक सध्या माझ्याकडे असल्यामुळे घरातली सगळी माणसं बारीक होत चालली आहेत. तू असतीस तर हिला आधार झाला असता. हे दडपण आणायला लिहीत नाही. जे आहे ते लिहिलं.

'हा पत्ता फक्त तुमच्यासाठी' असं तू कार्डाच्या शेवटी लिहिलंस. ठीक आहे. मी कुणाला दाखवलेलं नाही.

दुकानातून,
बाबा


२१ नोव्हेंबर

चि. फोरमन,

उत्तर आलं नाही. कामाच्या घाईत असशील.

दुकानात काम म्हणशील तर बेताचंच. शेजारच्या किल्लीवाल्यानं गाळा सोडला, तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. दिवसभर पोरंटोरं येतात आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून कव्हरं लावून बघतात. त्यांना वाटतं ही पायरी त्यांच्यासाठीच बांधलीय. मी वेळेवर कुलूप काढतो, झाडून घेतो, फळीवरच्या सगळ्या मशिनांची चाकं एकदा फिरवून ठेवतो. लोक घ्यायला येत नाहीत म्हणून मशिनानं गंज का धरावा? तुझी सासू म्हणते, "दुकानाचं इतकं करता, माणसांचं कधी केलं असतं तर." तिचं हे म्हणणं तुला पाठ आहे.

घर शांत आहे. जरा जास्तच शांत. ही डाव्या हातानं भांडी अशी ठेवते, जणू सगळी काचेचीच आहेत. परवा माझ्या हातून झाकण पडलं तर ही पाठ लावून भिंतीला चिकटली. मी म्हटलं, "अगं, झाकण आहे ते, छप्पर नाही." हसली नाही. दुखणं माणसाला घाबरट करतं. कपाटाचा आरसाही फुटला. जुनाच होता.

मुलगा रोज संध्याकाळी दुकानात येतो. इतक्या वर्षांत ज्याला तेलाचा वास सहन होत नव्हता तो तुझ्या स्टुलावर बसतो. परवा त्यानं दुकान झाडलं. माझ्या चष्म्याची सैल काडी घट्ट करून दिली. आणि काल रडला.

"बाबा, मी तिला फुलासारखं जपलं. असं काय केलं मी?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? तुमचं तुम्हाला ठाऊक."

"ती तुमच्याशी बोलायची. माझ्याशी कमी, तुमच्याशी जास्त. कुठं आहे तेवढं सांगा. मी फक्त तिच्यासमोर उभा राहीन. ती नाही म्हणाली तर पाय मागे घेईन."

लहानपणी सायकलवरून पडला तरी तो रडायचा नाही. गुडघा धुवून गुपचूप येऊन जेवायला बसायचा. एवढा मोठा मुलगा समोर बसून रुमालात तोंड लपवून रडतो तेव्हा हातातला पाना कुठं ठेवावा हे कळत नाही.

तुझी सासू मात्र विचित्र वागते. मी तिला म्हटलं, आपला मुलगा तिला आणायला जायचं म्हणतोय, बरं होईल. तर ती एवढंच म्हणाली, "तिला पोटभर जेवायला मिळत असेल ना तिथं?" आणि आत निघून गेली. तुमचं दोघींचं फारसं पटायचं नाही, तरी चौकशी करते.

तब्येतीला जप.

बाबा

ता. क. पत्ता मी त्याला दिला आहे. रागावू नकोस. बापाच्या जागी तू असतीस तर तूही दिला असतास. तो येईल तेव्हा निदान ऐकून घे.


२५ नोव्हेंबर
तुझ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर

फोरमन,

माझं आधीचं पत्र मिळालं असेल तर तू मला भेटणार नाहीस हे मला कळतं. भेटूही नकोस. वॉचमन आत जाऊन आला आणि "अशी कोणी बाई इथं कामाला नाही" म्हणाला. फार चांगलं केलंस. त्यालाही असंच सांग. तो दुपारपर्यंत पोचेल. मी पहिल्या बसनं आलोय, तो मागच्या बसनं येतोय. मी निघालोय हे त्याला ठाऊक नाही.

चहावाल्याकडून हा कागद मागून घेतलाय. अक्षर वाकडं आहे, मांडीवर धरून लिहितोय.

रविवारी मी चष्मा घरीच विसरलो. पडदेवालीचं मशिन उघडून बसलो होतो, बारीक दिसेना, म्हणून दुपारी मध्येच घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ही खुर्चीवर बसली होती आणि तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला होता. मला वाटलं, आईचा हात चोळून देतोय. जरा बरंही वाटलं. मग त्याचा आवाज ऐकला. नेहमीसारखाच, हळू.

"आई, मी एकदाच विचारतो. जायच्या आधी ती तुला काय म्हणाली? पैसे कुणी दिले तिला? तू दिलेस?"

प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं त्याच्या मुठीत होती. एकेक बोट तो मागे वाकवत होता. ही ओरडत नव्हती. ओठ आवळून समोरच्या भिंतीकडे बघत होती. ज्याला हे नवीन असतं तो असा गप्प बसत नाही, फोरमन.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

त्यानं बोटं सोडली, उठला, पँटचे गुडघे झटकले. "काही नाही बाबा, सूज बघत होतो. चष्मा विसरलात ना? टेबलावर आहे." आणि चष्मा आणून माझ्या हातात दिला.

तो बाहेर गेल्यावर मी हिच्यापुढे बसलो. म्हटलं, "तू न्हाणीघरात घसरलीस ना?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांग."

"तुम्ही दुकानात जा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

काल त्यानं रजा टाकली. उद्या तिला घेऊनच येतो, म्हणाला. आल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल, असंही म्हणाला. पहिल्यासारखं म्हणजे काय होतं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढच्या फाटकानं बाहेर पडू नकोस. एकटी राहत असशील तर आज खोलीवर जाऊ नकोस. तुझ्यावर जे कुणी साहेब किंवा बाई असतील त्यांना सगळं सांग. लाजू नकोस. पत्ता मी दिला, तुझं काही चुकलेलं नाही.

हा कागद वॉचमनच्या हाती आत पाठवतो आणि मी इथंच बाकावर बसतोय.

बाबा


२८ नोव्हेंबर

चि. फोरमन,

तुझ्या सुपरवायझरबाईंनी तुला थोडंफार सांगितलं असेल. तरी मी लिहितो. तुझ्या वाट्याचं तुला कळायला हवं.

तो आला तो निळा इस्त्रीचा शर्ट घालून. हातात कागदात गुंडाळलेली नवी शाल. मला बघून थबकला.

"बाबा? तुम्ही इथं? दुकान?"

"बंद ठेवलंय."

"हिच्यासाठी दुकान बंद ठेवलंत?" असं म्हणून तो हसला. "मला ताप यायचा तेव्हा तर कधी ठेवलं नाहीत."

तो वॉचमनकडे गेला. "माझी मिसेस इथं काम करते, जरा भेटायचं होतं," इतक्या अदबीनं म्हणाला की त्या बिचाऱ्यानं फाटकाची कडी काढायला हात घातला. तेव्हा मी उठलो. बसून बसून पाय बधिर झाले होते, फाटकाचा गज धरूनच उभा राहिलो.

म्हटलं, "भाऊ, हा माझा मुलगा. याला आत सोडू नका. हा बायकोला मारतो. आईचा हातही यानंच मोडलाय."

बसमध्ये येताना हे वाक्य मी मनात घोकलं होतं. पण तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल बोलतोय असं वाटलं.

तो रागावला नाही. वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वय झालंय. हल्ली असं होतं त्यांना, काहीही बोलतात. औषधं चालू आहेत." वॉचमननं आम्हा दोघांकडे बघितलं. मी अंधारात कपडे चढवून निघालो होतो. बटणं वरखाली लागलेली, नखांत तेलाचा काळा मळ, दाढी वाढलेली. त्याच्या जागी मी असतो तर मीही इस्त्रीच्या शर्टावर विश्वास ठेवला असता. तेवढ्यात बाई आतून आल्या. त्यांच्या हातात माझा चहावाल्याचा कागद होता. वॉचमनला म्हणाल्या, "कुलूप लाव." आणि त्यानं कुलूप लावेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना माझा नमस्कार सांग.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. सबंध रस्ताभर माझं मनगट त्याच्या हातात होतं. नुसतं दाबत राहिला. खिडकीबाहेर बघत दाबत राहिला. पलीकडच्या सीटवरची एक बाई मला म्हणाली, "नशीबवान आहात हो, इतका जपणारा मुलगा." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गावात उतरेपर्यंत माझी बोटं निळी पडली होती. तेव्हा मला तुझी आठवण आली आणि हिचीही.

घरी पोचल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "बाबांनी मला परक्या दारात चोर ठरवलं." आणि कपडे भरायला लागला. ऑफिसजवळ खोली बघतो म्हणाला. ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. असा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता.

"काय मिळालं तुम्हाला? ती तुमच्या रक्ताची आहे? हा आहे."

"तुझं बोट मोडत होता तो. मी बघितलं."

"माझं बोट आहे ना? मग मी बघेन."

संध्याकाळी तिनंही पिशवी भरली. एका हातानं भरत होती, साड्यांची घडी होईना. मी घडी करून देऊ लागलो तर ओढून घेतली. मी म्हटलं, "जाऊ नकोस. आज हात आहे, उद्या काय असेल?"

"मी नसले तर त्याला कोण आहे?"

"आणि मला?"

"तुम्हाला दुकान आहे," ती म्हणाली.

मी दारात उभा राहिलो, वाट अडवून. तो म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा, आई दमलीय." इतकं गोड म्हणाला. आणि हीच मला हातानं बाजूला करून पुढं गेली. प्लास्टरच्या हातानं.

तू मला उत्तर लिहू नकोस. पत्ता बदल, आणि नवा पत्ता मलाही कळवू नकोस. माझा भरवसा नाही.

बाबा


३ फेब्रुवारी

चि. फोरमन,

तुझ्या वकीलबाईंचं पत्र दुकानात आलं. घटस्फोटाच्या कामात साक्ष द्याल का, असं विचारलंय. हे उत्तर त्यांच्यामार्फतच तुला मिळेल. देईन. तारीख कळवा, मी येईन.

फक्त एक आधीच सांगतो. तुला मारताना मी त्याला पाहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच बोलेन. वकीलबाईंनी तिथं काही वाढवून बोलायला सांगितलं तर माझ्याच्यानं होणार नाही, मी अडखळेन आणि तुझंच नुकसान होईल.

तू मला कधी सांगितलं नाहीस याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. उत्तर पडदेवालीकडून मिळालं. मशिन न्यायला आली आणि नेहमीसारखी उभ्या उभ्या न ओरडता स्टुलावर बसली.

म्हणाली, "भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची. मी शिवणकाम करणारी बाई, माझ्या डोळ्यांत येणारच. एकदा माप घ्यायच्या निमित्तानं बाही वर केली. मग काही विचारलं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी तिला म्हटलं होतं, सासऱ्यांना सांग. ती म्हणाली, नको. एवढी एकच जागा आहे जिथं मी हसते. सांगितलं की तीही जाईल."

पडदेवाली गेल्यावर मी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला आणि आत बसून राहिलो. बाहेर पोरं पायरीवर बसून हसत होती.

आता गल्लीत मी बदनाम आहे. चांगल्या मुलाला घराबाहेर काढणारा, बायको सोडून गेलेला म्हातारा. ज्या शिंप्याची मशिनं मी त्याच्या बापाच्या वेळेपासून बघत आलो, त्यानं नवं मशिन विकत घेतलं आणि दुरुस्तीला आता दुसरीकडे जातो. समोरून जाताना मोबाइल कानाला लावतो. तरी मी रोज उघडतो. एक मशिन आहे, म्हातारं, माझ्याहून थोडं लहान असेल. त्याचा सुईचा दांडा झिजलाय. तसला दांडा आता मिळत नाही, म्हणून दुसरा जाड दांडा कानशीनं घासून बसवतोय. घाई नाही. त्याची मालकीण वारली, मुलीला ते खोलीत शोभेला ठेवायचंय. मी तिला म्हटलं, शोभेला ठेव, पण टाका नीटच पडेल.

हिला भेटायला दोनदा गेलो. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं उघडलं. "आई झोपलीय," म्हणाला. त्याच्या मागं मला ती उभी दिसत होती.

बाबा


२ मे

चि. फोरमन,

निकाल इतक्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं; लागल्याचं वकीलबाईंनी कळवलं. सुटलीस. एवढंच लिहून पत्र संपवावं असं वाटत होतं, पण ते साक्षीच्या दिवसाचं राहून गेलंय.

तुझं बोलणं झाल्यावर तुला मागच्या दारानं बाहेर नेलं, ते बरं केलं. पुढचं तुला ऐकावं लागलं नाही. मी उभा राहिलो. त्याच्या वकिलानं विचारलं, "मुलाशी तुमचं पटत नव्हतं?" मी म्हटलं, पटत होतं. "मग आज विरोधात का?" मी म्हटलं, पाहिलं म्हणून. आणि स्वयंपाकघरातलं जे होतं ते सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शाळेत बक्षीस घ्यायला उभा असायचा तेव्हा असाच चेहरा करायचा.

मग हिला बोलावलं. ही त्याच्या बाजूनं आली होती. "न्हाणीघरात पाय घसरला," ती म्हणाली. "मुलानं कधी बोट लावलं नाही मला." वकील म्हणाला, "तुमचे यजमान तर म्हणतात त्यांनी डोळ्यांनी पाहिलं." त्यावर ती म्हणाली, "ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते म्हणूनच तर आले होते."

खरं होतं ते. चष्म्याशिवाय मला बारीक दिसत नाही. बोटं दिसतात, हे मी ओरडून सांगितलं, तर मला गप्प बसायला सांगितलं. निकाल तुझ्या बाजूनं लागला तो तुला तपासलेल्या डॉक्टरांच्या कागदांमुळे आणि सुपरवायझरबाईंच्या साक्षीमुळे. माझ्या साक्षीचा फारसा उपयोग झाला नाही, हे वकीलबाईंनी हळूच सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा ऊन कडक होतं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली एक लांब बाक आहे, त्यावर ही एकटीच बसली होती. तो कागद घ्यायला आत गेला होता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. दुसरीकडे बसायला जागा नव्हती असं नाही.

प्लास्टर निघालंय. पण हात नीट जुळला नाही. बोटं अर्धवट मिटतात, मूठ होत नाही. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि ती झाकण उघडायचा प्रयत्न करत होती. बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हातानं फिरवून बघितलं. मग दातांनी. मी थोडा वेळ बघितलं आणि हात पुढं केला. तिनं बाटली दिली. माझ्याकडे बघितलं नाही, पण दिली.

मी उघडून दिली. ती दोन घोट प्यायली.

"दुकान उघडता ना रोज?" तिनं विचारलं.

"हो."

"जेवता काय?"

"काहीतरी करतो."

"भाजीत मीठ शेवटी घाला. तुम्ही आधीच घालता."

मी म्हटलं, "चल घरी. आत्ता, इथूनच. तो यायच्या आत." तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही, कारण तेवढ्यात तो पायऱ्या उतरताना दिसला. तिनं झटकन तोंड पुसलं, बाटली माझ्याकडे सरकवली आणि बाकावरून उठली. माझ्या हातून पाणी घेतलेलं त्याला दिसू नये म्हणून. लगबगीनं चालत त्याच्याकडे गेली. त्यानं तिचं कोपर धरलं. आईला सांभाळून न्यावं तसंच, अगदी तसंच.

मी बाटली घेऊन फाटकापर्यंत मागं गेलो, पण त्यांची बस आलेली होती आणि मला हाक मारायचा धीर झाला नाही. पाणी जवळपास सगळं तसंच होतं. त्यांच्या खोलीपर्यंत लांबचा रस्ता आहे आणि त्या बसला उन्हाची बाजू लागते. तहान लागली असेल तिला.

बाबा